विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर: दर मोसमात क्लब बदलणाऱ्या स्टॉपरने टिकायचं कसं

पुण्यात राहून फुटबॉलवर पोट भरता येईल का, हे मला खडकीच्या मैदानावर दर रविवारी कोणी ना कोणी विचारतं. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि मुलगा बाजूला बूट सोडत खाली बघत असतो. आज तरी उत्तर 'नाही' असंच आहे.

आपल्याकडे संघ झाले नाहीत असं नाही. पुणे एफसी 2007 साली निघाला, तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग असलेल्या आय-लीगमधल्या आपल्या पहिल्याच मोसमात, 2009-10 ला, तिसरा आला आणि 2012-13 ला दुसरा. भारत एफसी एक मोसम खेळला आणि गेला. डीएसके शिवाजियन्सही फार टिकला नाही. आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटी 2014 पासून बालेवाडीला खेळत होती, 2019 मध्ये तिची जागा हैदराबादने घेतली. ट्रेझेगेसारखा विश्वविजेता आपण बालेवाडीत पाहिला, त्याचे फोटो काढले, पण आज गावात वरच्या दर्जाचा व्यावसायिक संघ नाही. तेव्हा व्यावसायिक व्हायचं तर पुणं सोडायचं, हे आधी घरात बोलून घ्या. मी स्टॉपर होतो, म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहून बचाव करणारा. कोलकाता, गोवा, केरळ, शिलाँग असं फिरत खेळलो. स्टार कधीच नव्हतो, पण कुठल्या ना कुठल्या क्लबाचा फोन यायचा, आणि पुढचं सगळं त्या फोनबद्दलच आहे.

कोणाकडे बघायचं

पोरं रामोस आणि व्हॅन डाइक या परदेशी स्टॉपरच्या क्लिप बघतात. बघा, बिघडत नाही. पण करिअर कसं चालतं ते शिकायचं असेल तर अनस एडथोडिकाचा रस्ता नकाशावर काढ. केरळातल्या मलप्पुरमचा स्टॉपर. मुंबई एफसी, मग पुणे एफसीत काही मोसम, मग दिल्ली डायनामोज, मोहन बागान, जमशेदपूर, केरळा ब्लास्टर्स, एटीके. भारताकडून पहिला सामना खेळला मार्च 2017 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. म्हणजे बालेवाडीत आपल्या डोळ्यांदेखत खेळत होता तेव्हा त्याच्या नावावर एकही आंतरराष्ट्रीय सामना नव्हता. स्ट्रायकरला तेविसाव्या वर्षी लोक म्हातारा ठरवतात, स्टॉपर तिशीत पिकतो. आपल्या जागेचा हा एक फायदा, तो विसरू नकोस.

दुसरा स्टॉपर म्हणजे संदेश झिंगन. ब्लास्टर्समध्ये मोठा झाला, एटीके मोहन बागानला गेला, 2021 मध्ये थेट क्रोएशियाच्या शिबेनिकला. तिथे दुखापतींमुळे एकही सामना खेळायला मिळाला नाही. परत आला, मग बेंगळुरू, मग गोवा. काही जण त्याला हसले. मला उलट वाटतं. परदेशात जाऊन हात हलवत परत आल्यावर पुन्हा पहिल्या अकरात बसणं, आणि देशाच्या संघातही, हे सोपं नाही.

पहिले पंधरा दिवस

नव्या क्लबात तुला पारखतात ते पहिल्या पंधरवड्यात. तोवर कोच तुला ओळखत नाही, बाकीच्या पोरांच्या लेखी तू कोणाच्या तरी दोस्ताची जागा खायला आलेला आहेस. इथे दणकट टॅकल मारून छाप पाडायला जाऊ नकोस. सरावात आपल्याच विंगरला आडवा केलास की तो आठवडाभर तुला पास देणार नाही.

पहिल्या दिवशी गोलकीपरला गाठ. त्याला चहा पाज. तीन गोष्टी विचार: तुला बॅकपास कोणत्या पायावर हवा, क्रॉसला, म्हणजे कडेवरून येणाऱ्या बॉलला, तू कुठवर बाहेर येतोस, आणि ओरडतोस काय. काही कीपर 'कीपर' ओरडतात, काही नुसतं 'माय', काही ओरडतच नाहीत, आणि सगळ्यात घातक हे शेवटचे. मग तुझ्या बाजूच्या साइड बॅकला विचार की तो वर जातो का. जात असेल तर त्याच्यामागची मोकळी जागा तुझी, आणि होल्डिंगवाला (बचावाच्या पुढ्यात खेळणारा मिडफिल्डर) ती झाकणार की तू, हे त्या दोघांसमोर ठरवून घे. सामन्यात ठरवायला वेळ नसतो.

बोल. पुणेकराला मैदानाबाहेर बोलायला कधी शिकवावं लागत नाही, मैदानात उतरलं की मात्र तोंडाला कुलूप. स्टॉपरला सगळं मैदान समोर दिसतं, त्याच्या पुढे खेळणाऱ्यांना नाही. 'मॅन ऑन' (मागे माणूस आहे), 'टर्न' (वळ), 'स्टेप' (पुढे सरक), 'ड्रॉप' (मागे ये) हे चार शब्द देशभर चालतात. पण कोलकात्यात दम लागल्यावर पोरं बंगालीत ओरडतात, मलप्पुरमला मल्याळममध्ये. मागे, पुढे, डावीकडे, उजवीकडे, सोड, थांब एवढं तिथल्या भाषेत पहिल्या आठवड्यात पाठ कर. व्याकरण राहू दे. आणि नाव घेऊन ओरड. नुसतं 'ड्रॉप' म्हटलंस तर तिघं मागे येतात नाहीतर कोणीच येत नाही.

लाइन आणि कंबर

भटक्या स्टॉपरचं खरं भांडवल म्हणजे कोणत्याही संघात, कोणत्याही जोडीदाराबरोबर चालणारी समज. वेग उसना मिळत नाही आणि उंची वाढवता येत नाही. हे मात्र येतं.

लाइन, म्हणजे बचावाची रांग, कधी वर आणि कधी खाली, यासाठी बॉलकडे नको, बॉलवाल्याकडे बघ. त्याच्यावर दबाव नाही, मान वर आहे, पाय मागे गेलाय: लांब पास येणार, दोन-तीन पावलं आधीच खाली सरक. त्याची पाठ आपल्या गोलकडे आहे, किंवा त्याने बॉल मागे दिलाय: तेवढ्या वेळात सगळे वर. प्रत्येक कोच ऑफसाइडचा सापळा आपापल्या पद्धतीने लावतो, पण ही खूण कुठेच बदलत नाही.

आता कंबर. ही गोष्ट मी पोरांना मैदानावर हाताने धरून दाखवतो, इथे शब्दांत सांगतो. समज, बॉल त्यांच्या उजव्या मिडफिल्डरकडे आहे, तू सांभाळत असलेला त्यांचा स्ट्रायकर तुझ्या डाव्या खांद्यामागे घुटमळतोय. बहुतेक पोरं छाती बॉलकडे करून उभी राहतात. त्यामुळे स्ट्रायकर दिसेनासा होतो, आणि तो पळाला की आधी वळायचं, मग पळायचं. त्या वळण्यात दीड-दोन मीटर गेले. त्याऐवजी कंबर अर्धी वळव, डावा पाय मागे, टाचा जमिनीपासून किंचित उचललेल्या, गुडघे सैल. एका डोळ्याच्या कोपऱ्यात बॉल, दुसऱ्यात तो. डाव्या हाताची पाठ त्याच्या कमरेला हलकेच लागलेली. पकडायचं नाही, पंचाला दिसतं, फक्त तो कुठे आहे ते कळायला हवं. तो हलला की आधी हाताला कळतं. मग पहिलं पाऊल तुझं पडतं आणि गोलच्या दिशेने पडतं. डाव्या स्टॉपरच्या जागी खेळताना हेच सगळं उलटं होतं, आणि नव्या क्लबात कोणत्या बाजूला उभं करतील हे तुझ्या हातात नसतं. दोन्हीकडून घोटून ठेव.

एकास एक आला तर उडी मारू नकोस. तिरका उभा राहा, हातभर अंतर ठेव, त्याला त्याच्या कमजोर पायाकडे आणि टचलाइनकडे ढकलत ने, वेळ काढ. वेळ काढला की मदत येते. जमिनीवर घसरणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. बॉक्समध्ये हेडर मारताना उंच, लांब आणि बाजूला. मधोमध पडलेला हेडर म्हणजे समोरच्याला दिलेला पास.

मैदानं

कोलकात्याची लीग पावसाळ्यात चालते. चिखलात बॉल टप्पा खाऊन मेल्यासारखा थांबतो, म्हणून टप्प्याची वाट न बघता पुढे जाऊन हवेतच घ्यायचा. लांब स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट लागतात. शिलाँग-ऐझॉलकडे कृत्रिम टर्फवर नेमकं उलट. बॉल घसरत पुढे पळतो, लांब स्टड अडकतात आणि गुडघा वळतो. तिथे लहान आणि जास्त स्टडचे बूट. श्रीनगरला थंडी आणि पंधराशे मीटरच्या वरची उंची. गोव्यात घामानेच माणूस अर्धा होतो, पाण्यात मीठ-साखर घालून बाटली जवळ ठेव. बुटांचे दोन जोड स्वतःच्या खर्चाने कायम बॅगेत असू देत. किट मॅनेजर देतो म्हणतो, पण तुझ्या मापाचा जोड नेमका संपलेला असतो.

बॅगेवरून आठवलं. पुणे-हावडा आझाद हिंद एक्सप्रेसने गेलास तर दीड दिवस जातो. बूट, शिन गार्ड आणि कागदपत्रं उशाशी घेऊन झोप, बाकी सामान सीटखाली गेलं तरी चालेल.

सही करण्याआधी

हा भाग पोरांनी कमी आणि पालकांनी जास्त वाचावा. मला एका क्लबाने मोसमाच्या शेवटचे पगार दिलेच नाहीत. नाव सांगत नाही. तो क्लब आता नाहीसुद्धा. असे प्रसंग आपल्याकडे नवलाचे नाहीत, म्हणून नियम माहीत हवेत.

फिफाच्या नियमावलीप्रमाणे व्यावसायिक करार कमीत कमी मोसम संपेपर्यंतचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. खेळाडू अठराच्या आतला असेल तर तीन वर्षांचाच. 'मेडिकल पास झाल्यास करार लागू' अशी अट घालता येत नाही. म्हणजे मेडिकल आधी, सही नंतर. कोणी उलटं करायला लावलं तर थांबा. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबाशी उघडपणे करार करता येतो, चोरीछुपे काही करायची गरज नाही. एका मोसमात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होते, पण अधिकृत सामने सर्वसाधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात. त्यामुळे जानेवारीत घाईने उडी मारण्याआधी मोजून बघ.

पगाराचा नियम तोंडपाठ हवा. ठरलेल्या तारखेला मिळायचे दोन महिन्यांचे पगार थकले, की क्लबाला लेखी कळवायचं, पैसे द्यायला किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि तरी दिले नाहीत तर खेळाडूला योग्य कारणाने करार मोडता येतो. लेखी म्हणजे ईमेल, तारखेसकट. मॅनेजरला कॉरिडॉरमध्ये 'सर, पगाराचं बघा ना' म्हणणं म्हणजे नोटीस नव्हे. देशातल्या देशात वाद असेल तर तो एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे जातो. खेळाडूंची संघटनाही आहे, फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया, 2006 पासून. तिचा सभासद हो. अडचण आल्यावर नाही, आधीच.

करारात रकमेपेक्षा मला चार ओळी महत्त्वाच्या वाटतात: दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा आणि पगार चालू राहतो का, राहायची-जेवायची सोय कोणती, मोसम संपल्यावर घरी जायचं तिकीट कोण देणार, आणि बोनस कोणत्या निकालावर. सही केलेली प्रत त्याच दिवशी हातात घे. 'कुरियर करतो' या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. प्रत घरी पाठव, आईच्या कपाटात राहील.

एजंट भेटेलच. 2023 पासून फिफाची परीक्षा देऊन परवाना घेतलेलाच एजंट चालतो, आणि ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांची नावं फिफाच्या यादीत सापडतात. ट्रायलसाठी आगाऊ पैसे मागणारा माणूस एजंट नसतो. घरात बसून कितीही गोड बोलला तरी.

पालकांनो, मुलगा बाराव्या वर्षापासून कुठल्या क्लबाकडून, कोणत्या मोसमात नोंदलेला होता याची वही ठेवा. पुढे तो व्यावसायिक झाला की त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई मिळू शकते, आणि परदेशी बदलीच्या रकमेतला पाच टक्के हिस्सा याच जुन्या क्लबांत वाटला जातो. कॅम्प-खडकीतल्या छोट्या क्लबांना तेवढ्यात एक मोसम काढता येईल, पण नोंदच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर.

खेप, सेव्हन्स आणि औषधं

कोलकात्याच्या आसपास गावोगावी एका सामन्याचे रोख पैसे देऊन खेळाडू बोलावतात, त्याला खेप म्हणतात. मलप्पुरमकडे सात-सात जणांच्या स्पर्धा रात्री दिव्यांत चालतात, सेव्हन्स. बांबूच्या गॅलरीत माणूस माणसावर बसलेला असतो, आफ्रिकेतून आलेले खेळाडू असतात, बॉल सतत हवेत. मजा आहे. पगार थकलेल्या पोराला मी 'जाऊ नकोस' असं तोंड वर करून सांगू शकत नाही. पण बहुतेक करारांत हे मना असतं, आणि तिथे घोटा मोडला तर क्लब हात वर करतो. करार चालू असताना जाऊ नकोस. करार नसलेल्या महिन्यांत, मैदान बघून, जा.

औषधांचं थोडक्यात. सर्दीची गोळीसुद्धा टीमच्या डॉक्टरला विचारून घे. लेबल नसलेली पावडर, काढा, 'ताकदीचं' काही, कोणी प्रेमाने दिलं तरी नको. नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) चाचणीत बंदी असलेला पदार्थ सापडला तर 'माहीत नव्हतं' एवढ्यावर सुटका होत नाही. डोक्याला डोकं लागून क्षणभर जरी अंधारी आली तरी मैदानाबाहेर ये, हिरो होऊ नकोस. आणि सरावाआधी फिफाचा 11+ वॉर्म-अप कर, वीस मिनिटांचा आहे. क्लबात कोणी करत नसेल तर लवकर येऊन एकटा कर.

राहणं, खाणं, पैसे

मेसमध्ये दोन्ही वेळ भात-मासे मिळतील हे धरून चाल. पोळी-भाजी हवी म्हणून तोंड वाकडं करणारा पुण्याचा मुलगा पहिल्या आठवड्यातच एकटा पडतो. पिशवीत मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी असू दे, त्यावर दहा दिवस निघतात, आणि रूममेटला दिलीस तर तो पुढच्या सामन्यात तुझ्यासाठी पळतो. घरी रोज रात्री व्हिडिओ कॉल करून रडगाणं गाऊ नकोस, आई झोपत नाही.

क्लबाचे पैसे दहा महिने येतात असं समजून खर्च बारा महिन्यांचा मांड. पहिल्या करारावर बुलेट घेणारे मी पाहिलेत. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत पडल्याशिवाय बुलेट नको. पदवी पूर्ण कर, बाहेरून का होईना. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक स्पर्धांतल्या ठरावीक कामगिरीवर मिळतं, आणि प्रमाणपत्रं वेळेत पडताळून घ्यावी लागतात. राज्याकडून संतोष ट्रॉफीला, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेला, बोलावणं आलं तर क्लबाच्या पैशांकडे बघून नाक मुरडू नकोस. रेल्वेची नोकरी लागलेले माझे कितीतरी सोबती आज माझ्यापेक्षा निवांत आहेत.

खेळत असतानाच एआयएफएफचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स करून टाक. पोरांना शिकवताना आपल्याच खेळातल्या खोडी दिसतात.

व्हिडिओ आणि निघणं

पुढचा क्लब तुला व्हिडिओवरून बघणार. बहुतेक पोरं नुसत्या टॅकलच्या क्लिप गाण्यावर चिकटवून पाठवतात. स्टॉपरचं तसं बघून काही कळत नाही. चार-पाच मिनिटांत हे घाल: बॉल दुसऱ्या टोकाला असताना तू कुठे उभा आहेस, लाइन वर कशी नेतोस, क्रॉसला पहिला कोण पोचतं, दबावात डाव्या पायाने पास कसा देतोस. गाणं काढून टाक, तुझा आवाज ऐकू येऊ दे. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक दे, आणि तो हरलेला असला तर अजून बरं: 0-2 ने मागे असताना ऐंशीव्या मिनिटाला तुझे खांदे पडलेत का, हे कोच बघतो.

क्लब सोडताना भांडून सोडू नकोस, हक्काचे पैसे असले तरी. भांडण कागदावर कर, तोंडाने नको. किट मोजून परत दे, पावती घे. थकलेली रक्कम किती ते ईमेलवर लिहून घे. एआयएफएफच्या ऑनलाइन नोंदणीत तुझी नोंद मोकळी झाली का ते स्वतः लॉग-इन करून बघ. क्लबाने 'करतो' म्हटलं आणि विसरला, म्हणून नोंदणीची खिडकी (मुदत) बंद होऊन अर्धा मोसम घरी बसलेली पोरं आहेत. 'सर्व रक्कम मिळाली' या कागदावर पैसे खात्यात दिसल्यावरच सही कर, तासभर आधीही नाही. मग गोलकीपरला, फिजिओला आणि मैदान सांभाळणाऱ्या माणसाला भेटून ये. पुढच्या क्लबाचा कोच तुझ्याबद्दल चौकशी करायला पहिला फोन यांच्यापैकीच कोणालातरी करतो.